१५-०, आणि घरातली पनवती

मी पनवती आहे हे आमच्या घरात २३ सप्टेंबर २०२३ ला अधिकृत ठरलं. त्याआधी नुसता संशय होता.

पोरगा त्या वर्षी मिशिगन युनिव्हर्सिटीत गेला, आम्ही राहतो कँटनला, ॲन आर्बर गाडीनं वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे हॉस्टेलला टाकला म्हणायचं आणि दर रविवारी धुण्याची पिशवी घेऊन घरी. त्यानं मला एक तिकीट मिळवून दिलं, त्यांच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, रटगर्स युनिव्हर्सिटीविरुद्धच्या मॅचचं. सतरा वर्षं मिशिगनात राहून मी त्या स्टेडियममध्ये पहिल्यांदा पाय ठेवत होतो. बिग हाऊस म्हणतात त्याला, कपॅसिटी १,०७,६०१. बाहेरून काय कळत नाही हो, कारण बरंचसं जमिनीत खोदलंय, आपण रस्त्यावरून आत जातो आणि एकदम पायाखाली विहिरीसारखं ते सगळं पिवळं-निळं दिसतं. मी जिना उतरतोय, हातात सहा डॉलरची पाण्याची बाटली, सीट शोधतोय, बसलो. बसलो आणि रटगर्सच्या पोरानं बॉल घेतला आणि ६९ यार्ड सुटला, थेट शेवटच्या रेषेपलीकडं, म्हणजे टचडाऊन. मॅच सुरू होऊन चार मिनिटंसुद्धा झाली नसतील. एक लाख माणसं एकदम गप्प. शेजारच्या आजोबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच टॅकल चुकवलाय.

पुढं ३१-७ नं जिंकलो ती गोष्ट वेगळी. पण पोरानं घरच्या ग्रुपवर टाकलं, "बाबा बसले आणि गेम उलटली." बायकोनं त्यावर हसायचा इमोजी टाकला आणि विषय कायमचा पक्का झाला.

आता मी मूळचा कोल्हापूरचा. हे सांगणं गरजेचं आहे कारण आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते ज्यानं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच बघितलीय त्यालाच कळेल. पेठेतलं पोर चालायला लागलं की त्याला आधी कुठल्या तालमीचा ते सांगतात, मग शाळेत घालतात. महाराष्ट्र क्रिकेट बघत असताना आम्ही सायकलवर डबलसीट मॅचला जायचो, आणि हरल्यावर त्या रात्री दुसऱ्या पेठेतनं घरी जायची टाप नसायची. त्यामुळं इकडं आल्यावर पहिली दहा वर्षं मी ह्या हेल्मेटवाल्या प्रकाराला फुटबॉल म्हणायलाच तयार नव्हतो. पायाचा संबंध काय? बॉल अंड्यासारखा, हातात धरून पळायचं, आणि दर सहा सेकंदाला थांबायचं. आण्णा एकदा इकडं आलेले तेव्हा टीव्हीवर बघून म्हणाले, "हे सारखं थांबून मीटिंग का घेत्यात?"

कळलं मला ते कुस्तीमुळं. एकदा ऑफिसातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं, बॉलकडं बघूच नको. बॉल सोड. मधली पाच पोरं बघ, सव्वाशे-दीडशे किलोची, त्यांच्या समोर तसलीच चार-पाच, आणि दर वेळी बॉल मागं दिला की ती एकमेकांच्या अंगावर जातात, कोण कोणाला रेटतो ते बघ, बाकीचं आपोआप दिसतं. चार प्रयत्नात दहा यार्ड पुढं जायचं, गेलात तर परत चार मिळणार, नाहीतर बॉल समोरच्याला. बस, एवढंच आहे. त्या दिवसापासून मला ते लाल मातीवरच्या खडाखडीसारखं दिसायला लागलं आणि मी अडकलो. अडकायला टीमही बघा कसली मिळाली, तालमीतली. पासबिस फार नाही, रेटा, पाडा, पळा.

२०२३ चा सीझन सुरू झाला तोच मुळी कोच नसताना. जिम हारबॉ हा मिशिगनचाच जुना क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल हातात घेऊन डाव चालवणारा, २०१५ पासून कोच. करोनाच्या काळात टीममध्ये घ्यायच्या शाळकरी पोरांना भेटायला बंदी असताना भेटला वगैरे अशी एनसीएएची, म्हणजे कॉलेजातले खेळ चालवणाऱ्या संघटनेची, चौकशी चालू होती, लोक त्याला चीजबर्गर केस म्हणायचे कारण म्हणे भेटीत बर्गर खाऊ घातला होता. तर युनिव्हर्सिटीनं स्वतःच त्याला पहिल्या तीन मॅच घरी बसवलं. तीन मॅचला चार वेगवेगळे कोच झाले, एका मॅचचा तर अर्धा भाग त्याच्या पोरानं सांभाळला आणि अर्धा दुसऱ्यानं. समोरच्या टीम हलक्याच होत्या, ईस्ट कॅरोलिना ३०-३, यूएनएलव्ही ३५-७, बोलिंग ग्रीन ३१-६. रटगर्सची ती मॅच म्हणजे तो परत आला ती. त्यानंतर नुसता सडा. नेब्रास्का ४५-७, मिनेसोटा ५२-१०, इंडियाना ५२-७. खरं सांगू का, ह्या मॅच बोअर होत्या. मी अर्ध्यावर उठून लॉन कापायला जायचो.

ऑक्टोबरात ती दुसरी भानगड बाहेर आली. ह्यावर मी लिहिणार नव्हतो पण न लिहिता पुढं जाणं म्हणजे लबाडी होईल.

कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा कोच मैदानाच्या कडेला उभं राहून हातवारे करून किंवा मोठाले चित्रांचे फलक दाखवून पोरांना सांगायचे की आता कुठला डाव टाकायचा. हे हातवारे समोरच्यानं मॅच चालू असताना ओळखले तर चालतं, ती हुशारी. पण ज्यांच्याशी पुढं खेळायचंय त्यांच्या मॅचला आधीच माणूस पाठवून बघून यायचं नाही, असा नियम १९९४ पासून आहे. आणि मिशिगनच्या स्टाफमधला एकजण नेमकं तेच करत होता, लोकांना तिकिटं काढून देऊन समोरच्या टीमच्या मॅचला बसवायचं आणि फोनवर कोचचं शूटिंग करून आणायचं. बातमी फुटली त्यानंतर दोनच दिवसांनी मिशिगन स्टेटला त्यांच्या घरात जाऊन ४९-० मारलं, म्हणजे लोकांना आणखीच बोलायला मोकळं.

ऑफिसात आमचा एक ओहायोवाला आहे, तो रोज कॉफी मशीनपाशी मला कानाला हात, नाकाला हात असे सिग्नल करून दाखवायचा. मी म्हणायचो, सगळेच करतात. सगळेच करतात हे वाक्य आपण कुठं कुठं वापरतो ते जरा आठवून बघा. पोरगा मात्र स्पष्ट बोलला, "बाबा, चीटिंग आहे ही, मोठी की छोटी ते भांडा." एकोणीस वर्षांचं पोरगं. मी गप्प बसलो आणि मनातल्या मनात तरी सगळेच करतात म्हणत राहिलो. फॅन असाच असतो, आमच्या पेठेत रेफ्रीनं आमच्या विरुद्ध बरोबर दिलेली पेनल्टी अजून कोणी मान्य केलेली नाही. पुढं २०२४ पासून कॉलेजातसुद्धा हेल्मेटमध्ये रेडिओ आला, म्हणजे हातवाऱ्यांचा सगळा कारभारच संपत आला. एनसीएएचा निकाल लागला २०२५ च्या ऑगस्टमध्ये, दंड कोट्यवधी डॉलरचा, जिंकलेल्या मॅच मात्र कापल्या नाहीत.

पण बिग टेन, म्हणजे ह्या टीम ज्या लीगमध्ये आहेत ती, ती काय एनसीएएची वाट बघत बसली नाही. १० नोव्हेंबरला, धनत्रयोदशीला, टीम पेन स्टेटला निघालेली, विमान हवेत, आणि बातमी आली की हारबॉ नियमित सीझनच्या उरलेल्या तिन्ही मॅचला मैदानात नाही. उद्या दुपारी मॅच. आणि मॅच कुठली, तर दहाव्या नंबरच्या टीमशी, त्यांच्या घरात, एक लाख दहा हजार लोक अंगावर ओरडणार.

ती शनिवारची मॅच मी सोऱ्या फिरवत बघितली. रविवारी लक्ष्मीपूजन होतं, अजून चकल्या व्हायच्या होत्या, बायको म्हणाली टीव्ही बघायचा तर बघा पण हात चालू पाहिजे. किचनच्या ओट्यावरून टीव्ही तिरका दिसतो. म्हणजे मी बघतोय पण बसलेलो नाही, हे महत्त्वाचं, कारण बसलो की काय होतं ते ठरलेलं होतं. कोचच्या जागी शेरॉन मूर, लाइनचा, म्हणजे त्या मधल्या पाच पोरांचा कोच, सदतीस वर्षांचा. आणि त्या माणसानं काय केलं माहितीय का, पास टाकणंच बंद केलं. जे जे मॅकार्थीसारखा क्वार्टरबॅक हाताशी असताना. ओळीनं ३२ वेळा नुसतं पळवलं. बत्तीस! सेकंड हाफमध्ये हिशेबात धरलेला एकही पास नाही. समोर त्यांचे एज रशर म्हणजे क्वार्टरबॅकला फाडणारी पोरं देशात एक नंबर, तर तुम्ही फाडायला या, आमचा क्वार्टरबॅक बॉल ठेवतच नाही हातात. ब्लेक कोरम घेतोय आणि घुसतोय, तीन यार्ड, चार यार्ड, दोन यार्ड, परत. मी इकडं सोऱ्या दाबतोय, वेढा, वेढा, वेढा, टाक तेलात. परत पीठ भर. ते तिकडं तेच करत होते. २४-१५. एक घाणा जरा जास्त लाल झाला तो ह्या मॅचच्या खात्यावर.

मॅच संपल्यावर टीव्हीवाल्या बाईनं मूरला माईक लावला आणि तो माणूस ढसाढसा रडला, सरळ शिव्यांसकट, लाइव्ह. कोचचं नाव घेतोय, पोरांची नावं घेतोय, नाक पुसतोय. बायको हातात झारा घेऊन उभी राहिली. "अहो, ह्याला काय झालं?" मी सांगायला गेलो आणि माझाच आवाज बसला. ती म्हणाली, बरं बरं, पीठ संपलंय.

पुढच्या शनिवारी मेरीलँडला ३१-२४, तो मिशिगनचा एकूण १००० वा विजय, इतके कुठल्याच कॉलेजचे झाले नव्हते तोवर. ती मॅच मला धड आठवत नाही कारण मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, स्टेजवर नाट्यगीत आणि मागच्या तीन रांगांत सगळ्यांच्या मांडीवर फोन. नको तिथं टाळ्या पडत होत्या. गाणाऱ्या काकू खूश.

आणि मग २५ नोव्हेंबर. द गेम. ओहायो स्टेट. हे भांडण १८९७ पासूनचं. २०१२ ते २०१९ ओळीनं आठ वर्षं मिशिगननं मार खाल्ला होता, २०२० ला करोनानं मॅचच झाली नाही (ओहायोवाला म्हणतो, घाबरलात), आणि त्यानंतर २०२१, २०२२ दोन्ही आम्ही घेतल्या. ह्या वेळी दोघंही ११-०, म्हणजे अकरा जिंकलेल्या, हरलेली एकही नाही. पोरगा स्टुडंट सेक्शनमध्ये, आम्ही घरी, थँक्सगिव्हिंगसाठी आलेले मेहुणे वगैरे धरून दहा जण. मला सोफ्यावर जागाच दिली नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसवलं, तिथून टीव्हीचा डावा अर्धा भाग दिसतो.

थर्ड क्वार्टरला १७-१७. झॅक झिंटर म्हणून लाइनमधला पोरगा, कॅप्टन, नंबर ६५, पोरांच्या ढिगाखाली पाय सापडला त्याचा. रिप्ले एकदाच दाखवला, मेहुणीनं तोंड फिरवलं. गाडी आली, सगळी टीम मैदानात गोळा, एक लाख दहा हजार लोकांत टाचणी पडली तर ऐकू येईल. पोराचा फोन आला पण बोलेना, नुसती शांतता ऐकवली मला. गाडी बाहेर गेली आणि पुढच्याच डावाला, म्हणजे अगदी पुढच्याच, कोरमनं बॉल घेतला आणि २२ यार्ड थेट आत. आत गेल्यावर बोटांनी सहा आणि पाच केलं. मी जिन्यावरून उठलो आणि डोकं वरच्या कठड्यावर आपटलं, अजून टेंगूळ हाताला लागतंय असं वाटतं मला. ३०-२४, शेवटी पंचवीस सेकंद राहिलेले असताना रॉड मूरनं त्यांचा पास पकडला. पोरगं मैदानात उतरलं, एक बूट हरवून आलं. नोव्हेंबरात. एका बुटानं हॉस्टेलपर्यंत चालत गेला आणि वर मला सांगतोय की वर्थ इट.

आयोवाला २६-० मारून बिग टेन जिंकली, ते सोडा, आयोवाच्या मॅचवर कोणी ब्लॉग लिहीत नाही.

१ जानेवारी. रोझ बोल, म्हणजे त्या वर्षीची देशाची सेमीफायनल, कॅलिफोर्नियात पासाडेना, समोर अलाबामा. आधीची दोन वर्षं मिशिगन इथपर्यंत येऊन गचकलेलं, २०२१ च्या सीझनला जॉर्जियानं ३४-११ धुतलं, पुढच्या वर्षी टीसीयूनं ५१-४५. तर मी ह्या वेळी बंड केलं. म्हटलं नवीन वर्ष आहे, मी सोफ्यावर बसणार, अंधश्रद्धा बस्स झाल्या, मी इंजिनिअर आहे. बसलो. पहिलाच डाव, मॅकार्थीनं पास टाकला आणि अलाबामावाल्यानं पकडला. सगळ्या घरानं माझ्याकडं बघितलं. मग रिव्ह्यूत कळलं की त्याचा पाय रेषेबाहेर होता, वाचलो. थोड्या वेळानं अलाबामानं किक मारलेला बॉल आमच्या पोराच्या हातातून निसटला, त्यांनी उचलला, दोन डावात टचडाऊन. पोरगा शांतपणे म्हणाला, "बाबा, प्लीज." प्लीज म्हणाला त्याचंच वाईट वाटलं. शिवी दिली असती तर चाललं असतं.

मी गॅरेजमध्ये गेलो.

मिशिगनातलं गॅरेज जानेवारीत म्हणजे काय सांगायचं. दोन गाड्या, त्यांच्या चाकांखाली मिठाचं वितळलेलं पाणी, बर्फ ओढायचं फावडं, वीस पौंडी आट्याच्या दोन पिशव्या, मंडळाचं गणपतीचं डेकोरेशन जे दर वर्षी "तुमच्याकडं जागा आहे ना" म्हणून आमच्याकडंच राहतं. मी जाकीट घालून थर्माकोलच्या मखराशेजारी उलट्या बादलीवर बसलो. फोन बघायचा नाही अशी अट, कारण पोराच्या मते स्ट्रीमिंगनं बघितलं तरी पनवती लागते. हाफटाइमला मिशिगन १३-१० पुढं आहे असा निरोप चहाबरोबर आला. ह्यावरून सिद्धच झालं म्हणे.

त्यानंतर बराच वेळ निरोप नाही, चहा नाही, ही काय चांगली खूण नव्हती. २०-१३ मागं पडलो होतो, हे मला नंतर कळलं. चौथा प्रयत्न आणि दोन यार्ड पाहिजेत, आपल्याच हद्दीत, चुकलं की सीझन खलास, तिथं कोरमला छोटासा पास आणि तो २७ यार्ड पळाला. मग रोमन विल्सननं दीड मिनिट राहिलेलं असताना टचडाऊन, २०-२०. आणि हे कमी म्हणून शेवटच्या मिनिटाला परत एकदा किक हातातून सुटली, बॉल आपल्याच एका यार्डापाशी, तो पोरगा कसाबसा त्यावर पडला. हे सगळं मी ऐकलंय, भिंतीतून. भिंतीतून ऐकताना एक गोष्ट लक्षात आली, आनंदाची आणि दुःखाची पहिली किंकाळी अगदी सारखी असते. फरक दुसऱ्या सेकंदाला कळतो. आनंदात पाय आपटल्याचा आवाज येतो.

ओव्हरटाइम. आधी मिशिगनचा नंबर, दोन डावात संपवलं, आठ यार्ड आणि मग १७, दोन्ही कोरम. पाय आपटले, कळलं मला. मग अलाबामा. सरकत सरकत तीन यार्डांवर आले, चौथा प्रयत्न. आत सगळे गप्प झाले, फ्रीजची घरघर गॅरेजपर्यंत येत होती. मी मखराच्या खांबाला हात धरून उभा. देवाला काय सांगणार, त्याचंच मखर. अलाबामाच्या क्वार्टरबॅकनं, मिलरोनं, स्वतःच बॉल घेऊन मधून घुसायला बघितलं आणि आमच्या लाइननं तिथल्या तिथं गाडला, आणि हे बघा, मिशिगनच्या सबंध सीझनमधला हा सगळ्यात मोठा डाव मी आजपर्यंत दोनशे वेळा बघितलाय आणि एकदाही लाइव्ह बघितलेला नाही. मला आली ती किंकाळी. मग एक सेकंद काहीच नाही. मग पाय. मग गॅरेजचं दार उघडलं आणि पोरगा मोज्यांवर तसाच मिठाच्या पाण्यात पळत आला आणि मला मिठी मारली. पोरगं आठवीत गेल्यापासून मला हात लावू देत नव्हतं. २७-२०.

फायनल ८ जानेवारीला, सोमवारी रात्री, ह्यूस्टन, समोर वॉशिंग्टन, तेही १४-०. त्या वर्षीच्या सगळ्यात चांगल्या लाइनचं जो मूर अवॉर्ड त्यांना मिळालेलं, आमच्या पैलवानांना नाही, आणि मला वाटतं तिथंच ती मॅच ठरली. डोनोव्हन एडवर्ड्स सुरुवातीलाच ४१ यार्ड आणि मग ४६ यार्ड, दोन टचडाऊन. कोरम १३४ यार्ड, त्याचे दोन. एकूण ३०३ यार्ड नुसते पळून. ३४-१३. म्हणजे सबंध सीझन १५-०. १९९७ नंतरची पहिली चॅम्पियनशिप, आणि ९७ ची तर नेब्रास्काबरोबर वाटून घेतलेली. मी अर्थातच गॅरेजमध्ये, ह्या वेळी मात्र स्पेस हीटर आणि खुर्ची, स्वतःहून गेलो. कोल्हापुरात पहाटे सहाला मॅच सुरू झाली, आण्णा उठून बसलेले, त्यांना टीव्हीवर काय दिसत नव्हतं म्हणून नातू त्यांना मेसेज करत होता. म्हणजे बघा, चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला शिवाजी पेठेत स्कोअर कळत होता आणि मला वीस फुटांवर नाही.

आण्णांनी शेवटी मला फोन लावला. "जिंकलं की रे तुमचं मंडळ." असं मला कळलं.

दोन-अडीच आठवड्यात हारबॉ चार्जर्सकडं एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये गेला, कोरम, मॅकार्थी वगैरे सगळे गेले. पुढच्या वर्षी ८-५. त्या सीझनला टेक्सासची मॅच मी हट्टानं सोफ्यावर बसून बघितली, ३१-१२ नं हरलो, घरात कोणी काही बोललं नाही, पोरानं नुसतं भिंतीकडं बघितलं. नोव्हेंबरात ओहायो स्टेट, त्यांच्या घरात, ते दुसऱ्या नंबरवर, आम्हाला कोणी विचारतच नव्हतं. सकाळी साडेअकराला बायकोनं डब्यात पोहे भरून दिले. १३-१०.

ओहायोवाल्याला अजून कळलेलं नाही की त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं.